आधी लाट, मग खोली

२०२४ च्या जुलैमध्ये पॅरिस ऑलिंपिक सुरू झाले, तेव्हा त्यातील सर्फिंगची स्पर्धा पॅरिसमध्ये नव्हतीच. ती होती पॅरिसपासून सुमारे पंधरा हजार किलोमीटर अंतरावर, पॅसिफिक महासागरातील ताहिती बेटावर, तेआहुपो नावाच्या एका लहानशा गावासमोर. गाव अगदी छोटे. शेकडो पाहुण्यांना सामावून घेतील अशी हॉटेले तेथे नाहीत. मग खेळाडूंच्या मुक्कामाचे काय करायचे? नवे क्रीडाग्राम बांधण्याऐवजी 'आरानुई ५' हे जहाज गावाजवळच्या पाण्यात उभे करण्यात आले आणि ४८ स्पर्धकांची राहण्याची सोय त्या जहाजावर झाली. लाट जेथे होती तेथे मुक्काम नेण्यात आला. मुक्काम सोयीचा आहे म्हणून लाट शोधण्यात आली नाही.

सर्फिंगच्या सुटीचे सारे गणित या एका गोष्टीत सामावले आहे. आपल्याकडे सहलीचे नियोजन बहुधा उलट दिशेने होते. आधी रजा, मग विमानाची तिकिटे, मग चांगल्या खोलीचा शोध आणि शेवटी 'तेथे गेल्यावर काय करायचे ते पाहू' असा क्रम असतो. देवदर्शनाच्या किंवा थंड हवेच्या ठिकाणी जाताना या क्रमाने फारसे बिघडत नाही. सर्फिंगचे तसे नाही. फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होण्याचा हा खेळ खेळायचा, तर खोलीची निवड म्हणजे आपण रोज सकाळी कोणत्या पाण्यात उतरणार याची निवड असते. ती चुकली तर पैसे वाया जातातच, पण प्रसंगी ते जिवावरही बेतू शकते.

अलीकडे मुंबई-पुण्यातील तरुण मंडळी, आणि शाळकरी मुले बरोबर असलेली कुटुंबेही, या खेळाकडे वळू लागली आहेत. त्यांच्या दृष्टीने सर्वांत जवळचा परदेशी समुद्र म्हणजे श्रीलंकेचा. मुंबईहून कोलंबोचे थेट विमान साधारण अडीच तासांत पोहोचते. शिवाय एकाच बेटाच्या दोन किनाऱ्यांवर दोन वेगवेगळे हंगाम असल्याने, निवासाची निवड कशी करावी हे समजून घेण्यासाठी श्रीलंकेइतके उत्तम उदाहरण दुसरे सापडणार नाही.

खोलीच्या आधी पंचांग

श्रीलंकेत लाटा कोठून येतात, हे प्रथम पाहू. या बेटाचे दक्षिण टोक म्हणजे माताराजवळचे दोंद्रा. तेथून सरळ दक्षिणेकडे निघाले, तर अंटार्क्टिकापर्यंत वाटेत जमीन लागत नाही. दक्षिण महासागरात उठणाऱ्या वादळांच्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून या किनाऱ्यावर येतात. वाटेत त्यांच्यातील गोंधळ विरतो आणि ठरावीक अंतराने येणाऱ्या, सुबक लाटांची रांग तयार होते. भूगोलाच्या पुस्तकात आपण शिकलेली समुद्रबूड जमीन मुंबईसमोर फार रुंद आणि उथळ आहे. लाटांची बरीचशी शक्ती तेथेच खर्ची पडते. श्रीलंकेभोवती हा उथळ पट्टा अरुंद असल्याने लाटा आपली ताकद राखून किनाऱ्यापर्यंत येतात.

मात्र याच किनाऱ्यावर मोसमी वाऱ्यांचेही राज्य असते. नैऋत्य मोसमी वारे साधारण मे ते सप्टेंबर या काळात वाहतात. तेव्हा हिक्काडुवा, वेलिगामा, मिदिगामा, मिरिसा ही नैऋत्य आणि दक्षिण किनाऱ्यावरची गावे वाऱ्याच्या तोंडावर असतात आणि एरवी संयत असलेला समुद्र खवळतो. त्याच महिन्यांत पूर्व किनाऱ्यावरील आरुगम बे मात्र बहरात असते. पुढे ईशान्य मोसमी वारे सुरू झाले की चित्र पालटते. पूर्वेकडे पाऊस येतो आणि दक्षिणेकडचा समुद्र शांत, सुबक लाटांचा होतो. ढोबळमानाने सांगायचे, तर नोव्हेंबर ते एप्रिल दक्षिण आणि नैऋत्य किनारा, तर मे ते सप्टेंबर पूर्व किनारा, हे सूत्र ध्यानात ठेवावे.

आता आपल्या घरातील सुट्यांचे वेळापत्रक या सूत्राशेजारी ठेवून पाहा. नाताळची सुटी दक्षिण किनाऱ्याला अगदी अनुकूल. परंतु त्याच दिवसांत युरोपातील पर्यटकांचीही गर्दी असते, दर चढलेले असतात आणि लाटेवरही रांग लागते. दिवाळीची सुटी दोन हंगामांच्या सांध्यावर येते. पूर्वेचा हंगाम आवरत आलेला असतो, दक्षिणेचा नुकताच सुरू होत असतो आणि दुपारनंतर मेघगर्जनेसह पावसाची शक्यता असते. अशा वेळी जायचेच असेल, तर दिवाळी नोव्हेंबरात असलेल्या वर्षी जावे आणि दक्षिण किनारा निवडावा. खोलीचे पूर्ण पैसे आगाऊ भरू नयेत हे उत्तम. मे महिन्याच्या सुटीत दक्षिणेकडचा हंगाम संपलेला असतो, तर आरुगम बे येथील हंगामाची सुरुवात असते. सुरुवातीच्या लाटा लहान असतात. अनुभवी सर्फरला त्या कदाचित निराश करतील, नवशिक्याला मात्र त्याच सोयीच्या.

अनेकांची फसगत येथेच होते. संकेतस्थळावर वेलिगामाच्या एखाद्या सुंदर खोलीचा दर जुलै महिन्यात निम्म्यावर आलेला दिसतो आणि आपण हरखून जातो. तो दर उतरलेला असतो, कारण समुद्र उपलब्ध नसतो!

लाटेखाली काय आहे?

हंगाम ठरला की दुसरा प्रश्न येतो तो पाण्याखालच्या जमिनीचा. लाट फुटते ती तळ उथळ झाल्यामुळे. तो तळ वाळूचा आहे, खडकाचा आहे की प्रवाळाचा, यावर लाटेचा स्वभाव ठरतो आणि पडल्यावर आपले काय होईल तेही ठरते.

वाळूच्या तळावर फुटणाऱ्या लाटा नवशिक्यांसाठी योग्य. वेलिगामाचा उपसागर हे याचे नमुनेदार उदाहरण आहे. रुंद, अर्धवर्तुळाकार, वाळूचा तळ असलेला हा किनारा गॉल आणि मातारा या शहरांच्या दरम्यान आहे. लाट फुटून किनाऱ्याकडे येणाऱ्या फेसाळ पाण्यात कमरेइतक्या खोलीवर उभे राहून शिकता येते. पडलात तर वाळूवर पडता. पहिल्यांदा फळीवर उभे राहू पाहणारा माणूस दिवसातून पन्नास वेळा तरी पडतो, हे लक्षात घेतले म्हणजे वाळूचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

वेलिगामापासून थोडे पश्चिमेला मिदिगामा आहे. अंतर अगदी थोडे, पण पाण्याचा स्वभाव निराळा. येथील लाटा खडकाळ आणि प्रवाळाच्या तळावर फुटतात. त्यातल्या काही लाटा मध्यम दर्जाच्या सर्फरला झेपतात. 'राम्स राइट' या नावाने ओळखली जाणारी लाट मात्र अत्यंत उथळ खडकावर फुटते आणि ती केवळ जाणकारांसाठीच आहे. प्रवाळावर अंग घासले तर होणारी जखम लवकर भरत नाही आणि उष्ण, दमट हवेत ती चिघळण्याचा धोका असतो. समुद्री साळिंद्राचे काटे पायात मोडण्याचे प्रकारही खडकाळ तळावर होतात. हिक्काडुवा हे या किनाऱ्यावरील सर्फिंगचे जुने ठाणे. परदेशी तरुण तेथे १९७० च्या दशकापासून येऊ लागले. तेथेही प्रवाळाचा तळ असलेल्या लाटा अधिक, म्हणून आपण नेमके कोठे उतरणार हे शिक्षकाला विचारूनच ठरवावे.

तिसरा प्रकार भूशिराच्या लाटांचा. जमिनीचे टोक समुद्रात शिरलेले असते आणि लाट त्याला वळसा घालत, एकाच बाजूने हळूहळू फुटत जाते. आरुगम बे येथील मुख्य लाट या जातीची आहे. तिच्यावरची सवारी लांबलचक होते, म्हणूनच जगभरातून लोक तेथे येतात. पण गर्दीही तशीच असते आणि नवशिक्याने मध्ये येणे हे स्वतःसाठी व इतरांसाठी धोक्याचे. शिकणाऱ्यांसाठी त्याच उपसागरात 'बेबी पॉइंट' नावाची सौम्य जागा आहे. उत्तरेला व्हिस्की पॉइंट आणि पोट्टुविल पॉइंट, दक्षिणेला एलिफंट रॉक व पीनट फार्म अशी इतर ठिकाणे आहेत. तेथे फळ्या टपावर बांधून नेणाऱ्या तीनचाकी रिक्षांनी जाता येते.

तेव्हा आपली पातळी प्रामाणिकपणे ओळखावी. चार दिवस गोव्यात शिकलेला माणूस स्वतःला 'मध्यम' समजू लागतो. न फुटलेली, हिरवी लाट स्वतः ओळखून, कोणाच्या धक्क्याशिवाय पकडता येत नसेल आणि तिच्यावर डावीकडे-उजवीकडे वळता येत नसेल, तर आपण नवशिकेच आहोत असे समजून वाळूचा किनारा निवडावा. त्यात कमीपणा काही नाही.

'समुद्रापासून शंभर मीटर'

निवासाच्या जाहिरातीत सर्वांत फसवे वाक्य कोणते असेल, तर ते हे. कोणत्या समुद्रापासून? प्रस्तुत लेखकाने एकदा मिदिगामाजवळ अशीच एक खोली पसंत केली होती. छायाचित्रात खिडकीतून निळे पाणी दिसत होते आणि ते खरेच होते. जाहिरातीत काही खोटे नव्हते. पण खिडकीखाली खडक होता आणि त्यावर फुटणारी लाट पाहूनच पाय लटपटत. मग रोज पहाटे रिक्षा करून वेलिगामाला जायचे आणि ऊन चढल्यावर ओल्या कपड्यांनी परत यायचे, असा क्रम आठवडाभर चालला. रिक्षाच्या भाड्यात चांगली दुसरी खोली आली असती. चूक खोलीवाल्याची नव्हती. नकाशा न पाहणाऱ्याची होती.

पहाटेचा आग्रह कशासाठी, तेही सांगायला हवे. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. हेच ते शाळेत शिकलेले मतलई वारे. समोरून येणारी लाट त्यांच्यामुळे क्षणभर सावरून उभी राहते आणि पाण्याचा पृष्ठभाग गुळगुळीत राहतो. दिवस चढला की खारे वारे सुरू होतात, पाणी खडबडीत होते आणि लाटांचा आकार बिघडतो. म्हणजे दिवसातील उत्तम दोन-तीन तास सूर्योदयानंतर लगेचचे. ते गाठायचे, तर मुक्काम लाटेपासून पायी दहा मिनिटांच्या आत असावा. आठ-नऊ फुटांची फळी घेऊन त्याहून अधिक चालणे नवख्याला जमत नाही.

म्हणून नकाशावर हॉटेल नव्हे, तर आधी लाट शोधावी. उपग्रह छायाचित्रात पाण्यातील पांढऱ्या फेसाची रेघ दिसते. ती किनाऱ्यापासून दूर, एकाच जागी आणि गडद खडकांवर असेल, तर तेथे खडकाळ तळ असण्याची शक्यता अधिक. किनाऱ्याला समांतर, लांबवर पसरलेली असेल, तर वाळूचा असण्याची शक्यता अधिक. हा केवळ पहिला अंदाज. खात्री स्थानिक माणसाकडूनच करून घ्यावी. मग त्या रेघेपासून चालत जाण्याचा मार्ग पाहावा. वेलिगामात गॉल-माताराचा मुख्य रस्ता उपसागराला लागून जातो. त्यावर बसगाड्या भरधाव धावतात. लहान मुले बरोबर असतील तर रस्ता ओलांडावा लागतो का, हा प्रश्न समुद्र दिसतो का या प्रश्नापेक्षा महत्त्वाचा. मिदिगामा, अहंगामा या गावांतून रेल्वेमार्गही किनाऱ्याजवळून जातो. गाडीचा आवाज कोणाला रम्य वाटेल, कोणाची झोप मोडेल.

आरुगम बेचे अंतर हा आणखी वेगळा विषय. कोलंबोहून तेथे पोहोचायला रस्त्याने सात-आठ तास सहज लागतात. दक्षिणेकडे द्रुतगती मार्गामुळे प्रवास सोपा झाला आहे. पूर्वेकडे मात्र शेवटचा टप्पा जंगलालगतच्या रस्त्याने जातो आणि लाहुगला परिसरात रात्री हत्ती रस्त्यावर येतात. विमान संध्याकाळी उतरत असेल, तर त्याच रात्री तेथे पोहोचण्याचा हट्ट करू नये. वाटेत एल्लासारख्या डोंगरी गावी एक मुक्काम करावा आणि उजेडात पुढे जावे.

कॅम्प, होमस्टे की हॉटेल?

निवासाचे प्रकार ढोबळमानाने चार. पहिला सर्फ कॅम्प. येथे आठवड्याच्या हिशेबाने राहणे, जेवण, फळी, शिकवणी आणि लाटेपर्यंतची वाहतूक असे सारे एकत्र मिळते. एकट्याने जाणाऱ्यांना आणि नवशिक्यांना हा पर्याय सोपा पडतो. सोबती मिळतात आणि आज कोठे उतरायचे हे दुसरा कोणीतरी जाणकार ठरवतो. तोटा असा की वेळापत्रक त्यांचे असते. कुटुंबातील ज्याला पाण्यात उतरायचे नाही, त्याला तेथे फारसे काम नसते.

दुसरा प्रकार कुटुंबाने चालवलेले गेस्ट हाऊस किंवा होमस्टे. खोल्या साध्या, पंखा आणि मच्छरदाणी असलेल्या. पण घरमालकाचा भाऊ किंवा पुतण्या स्वतः सर्फर असतो, आणि आजचा वारा कसा आहे हे अंगणातूनच सांगतो. दर कमी, आणि पैसे गावातच राहतात. तिसरा प्रकार हॉटेलांचा. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील, वातानुकूलन आणि लिफ्ट हवी असेल, तर हाच पर्याय. चौथा म्हणजे सात-आठ जणांच्या गटासाठी अख्खा बंगला. माणशी खर्च विभागला जातो, पण तो बहुधा किनाऱ्यापासून आत असतो आणि वाहन लागते. आरुगम बे येथे लाकूड आणि झावळ्यांच्या झोपड्याही मिळतात. त्यांना 'कबाना' म्हणतात. दिसायला त्या मोहक असतात, पण पावसात गळतात का आणि सामानाला कुलूप लागते का, हे विचारून घ्यावे.

कोणताही प्रकार निवडा. काही बारीक गोष्टी एरवीच्या सहलीत बिनमहत्त्वाच्या असतात, त्या येथे मोलाच्या ठरतात. खारे अंग धुण्यासाठी बाहेर गोड्या पाण्याचा नळ आहे का? ओले कपडे वाळत घालायला दोरी आणि वारा आहे का? फळ्या ठेवायला सावलीची जागा आहे का? पहाटे पाच वाजता चहा आणि केळी, आणि परत आल्यावर नाश्ता, अशी सोय होईल का? ऊन टाळण्यासाठी दुपारी बसायला ओसरी आहे का? दोन दिवसांनी खांदे भरून येतात, तेव्हा गादी बरी असणे ही चैन राहत नाही.

शाकाहारी कुटुंबांनी जेवणाबाबत आधीच स्पष्ट बोलावे. भात, डाळ, नारळाच्या रसातल्या भाज्या, कोवळ्या फणसाची आमटी, आप्पे, तांदळाच्या शेवयांसारखे इंदिआप्प असे खूप काही मिळते आणि ते आपल्या जिभेला परके वाटत नाही. परंतु 'पोल सांबोल' ही ओल्या नारळाची लाल चटणी निरागस दिसत असली, तरी तीत अनेकदा सुक्या माशाचा चुरा घातलेला असतो. काही भाज्यांतही तो घालतात. 'मांस नको' एवढे सांगून भागत नाही. 'सुका मासाही नको' असे शब्दशः सांगावे. घरगुती मुक्कामात हे सांगणे सोपे जाते.

यजमानाला विचारायचे प्रश्न

पैसे भरण्यापूर्वी यजमानाशी प्रत्यक्ष बोलावे. 'आमच्या महिन्यात तुमच्या समोरची लाट कशी असते?' हा पहिला प्रश्न. प्रामाणिक यजमान 'त्या महिन्यात येऊ नका' असेही सांगतो. असा माणूस भेटला तर त्याचा पत्ता जपून ठेवावा. 'तळ वाळूचा की खडकाचा?' हा दुसरा. 'शिक्षक कोण, आणि एका शिक्षकामागे किती विद्यार्थी?' हा तिसरा. पहिल्या दिवशी दोन-तीन विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण योग्य. सहा-सात जण एकाच्या हवाली केले जात असतील, तर नम्रपणे नकार द्यावा. 'शिकण्यासाठी मऊ फोमच्या मोठ्या फळ्या आहेत का?' हा चौथा. कडक फळी डोक्याला लागली तर काय होते, हे अनुभवाने शिकण्याची गरज नाही. 'जवळचे रुग्णालय कोठे?' हा पाचवा आणि सर्वांत उपेक्षित प्रश्न.

या शेवटच्या प्रश्नाची उत्तरे दोन्ही किनाऱ्यांवर वेगळी आहेत. दक्षिण किनाऱ्यावर मातारा आणि गॉल ही दोन्ही मोठी शहरे जवळ असून गॉलमधील करापिटिया येथे मोठे सरकारी रुग्णालय आहे. आरुगम बेजवळ पोट्टुविल येथे रुग्णालय आहे, पण गंभीर दुखापतीसाठी अंपाराच्या दिशेने लांबचा पल्ला गाठावा लागतो. सहलीचा विमा काढताना त्यात साहसी खेळ समाविष्ट आहेत का, हे बारीक अक्षरांत शोधावे. अनेक विम्यांतून ते वगळलेले असतात.

समुद्राचा धाक

कोकणातला माणूस समुद्राला नमस्कार करून पाण्यात पाय घालतो. हा धाक सहलीत विसरू नये. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने परत जाते. त्या पट्ट्यात लाटा फुटत नसल्याने तेथले पाणी उलट शांत भासते. अनोळखी माणूस नेमका तेथे उतरतो आणि ओढला जातो. असा ओढा लागला, तर त्याच्या विरुद्ध किनाऱ्याकडे पोहण्याचा प्रयत्न करू नये. त्यात दमछाक होऊन माणूस बुडतो. फळी सोडू नये, तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी आणि जमल्यास किनाऱ्याला समांतर पोहत ओढ्याबाहेर पडावे. ज्याला पोहता येत नाही, त्याने फळीच्या भरवशावर खोल पाण्यात जाऊ नये. पायाला बांधलेली दोरी तुटू शकते. निवडलेल्या किनाऱ्यावर जीवरक्षक किती ते किती वाजेपर्यंत असतात, हे यजमानाला माहीत असतेच.

आणि मग २६ डिसेंबर २००४ ची सकाळ. त्सुनामीने त्या दिवशी श्रीलंकेत तीस हजारांहून अधिक माणसे नेली. हिक्काडुवाजवळ पेरालिया येथे अख्खी रेल्वेगाडी लाटेखाली सापडली आणि हजाराहून अधिक प्रवासी मरण पावले. आरुगम बेही उद्ध्वस्त झाले. आज ज्या खोल्यांच्या खिडक्या समुद्राकडे उघडतात, त्यातील अनेक त्या विध्वंसानंतर उभ्या राहिल्या आहेत. भीती घालण्याचा हेतू नाही. पण खोलीत शिरल्यावर उंच जागेकडे जाणारा रस्ता कोणता, एवढे विचारून ठेवायला एक मिनिट लागतो. मोठा भूकंप जाणवला किंवा समुद्र अचानक मागे हटला, तर भोंग्याची वाट न पाहता त्या रस्त्याला लागावे.

किनारा कोणाचा?

त्सुनामीनंतर सरकारने किनाऱ्यालगत बांधकामास मनाई करणारा पट्टा जाहीर केला होता. दक्षिण आणि पश्चिमेला १०० मीटर, तर उत्तर व पूर्वेला २०० मीटर. सुरक्षिततेसाठी म्हणून हा नियम आला, पण होडी आणि जाळे किनाऱ्यावर ठेवणाऱ्या कोळी कुटुंबांना आत हलवायचे आणि पर्यटनाच्या इमारतींना मात्र वाट मोकळी ठेवायची, अशी तक्रार तेव्हा मोठ्या प्रमाणावर झाली. पुढे हा पट्टा शिथिल करण्यात आला. प्रश्न मात्र पुरता मिटला असे म्हणता येत नाही. आपल्या कोकणातही किनारपट्टीच्या नियमांवरून हाच वाद वेगळ्या नावांनी चालू असतो, त्यामुळे तो आपल्याला समजणे अवघड नाही.

पाहुणा हा वाद सोडवू शकत नाही, पण आपली खोली निवडताना तो एका बाजूला वजन टाकतच असतो. स्थानिक कुटुंबाच्या घरी राहिल्यास, गावातील मुलाकडून शिकल्यास आणि होड्या लागण्याच्या जागी फळ्या पसरल्या नाहीत, तर गावाला सर्फिंग आपले वाटते. वेलिगामाच्या किनाऱ्यावर पहाटे मासेमारी चालते. जाळे ओढले जात असताना पाण्यात शिरू नये. पोट्टुविलमध्ये मुस्लिम वस्ती बहुसंख्य आहे. किनाऱ्यावरचा पोशाख किनाऱ्यावरच ठेवून बाजारात अंगभर कपड्यांनी जावे. दर पौर्णिमेला श्रीलंकेत 'पोया'ची सुटी असते आणि त्या दिवशी मद्यविक्री बंद असते. तीही यजमानाच्या घरची रीत समजून पाळावी.

पहिली पायरी घराजवळ

शेवटी एक सल्ला. आयुष्यातील पहिली फळी परदेशात हातात घेण्याची आवश्यकता नाही. कर्नाटकातील मुल्की येथे २००४ पासून सर्फिंग शिकवले जाते आणि कोकण रेल्वे त्या गावात थांबते. गोव्याच्या उत्तर भागात मोरजी, आश्वे, हरमल परिसरात पावसाळ्यानंतर शिकवण्या चालतात. केरळातील वर्कला आणि तामिळनाडूतील महाबलीपुरम, कोवलम हीही नावाजलेली ठिकाणे. ऑगस्ट २०२५ मध्ये आशियाई सर्फिंग स्पर्धा महाबलीपुरमला झाली आणि त्यात रमेश बुदिहाळ याने कांस्यपदक मिळवले. म्हणजे हा खेळ आता आपल्या किनाऱ्याला नवखा राहिलेला नाही.

येथेही खोली निवडताना डोळे उघडे ठेवावेत. कोवलम नावाची दोन गावे आहेत. एक केरळात तिरुवनंतपुरमजवळ आणि दुसरे चेन्नईपासून सुमारे चाळीस किलोमीटर दक्षिणेला. दोन्हीकडे समुद्र, दोन्हीकडे सर्फिंग. एका कोवलमची खोली आणि दुसऱ्या कोवलमचा शिक्षक ठरवला, तर मध्ये अख्खा दक्षिण भारत येतो! आणि पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर हा काळ समुद्रापासून दूर राहण्याचा; गोव्यात तेव्हा लाल बावटे उगीच लागत नाहीत.

अशा दोन-तीन दिवसांच्या मुक्कामात आपल्याला हा खेळ खरोखर आवडतो का, घरातील कोण पाण्यात उतरणार आणि कोण ओसरीवर बसून वाचणार, हे उमगते. त्यानुसार पुढच्या सहलीची खोली निवडता येते. आधी महिना, मग किनारा, मग लाट, मग तिथवरची वाट, मग यजमान आणि सर्वांत शेवटी खोलीचे छायाचित्र. हा क्रम पाळला, तर खोली साधी असली तरी सुटी सार्थकी लागते. पहाटे उठून दार उघडावे आणि समोर आपल्याला झेपणारी लाट असावी, यापरते सर्फिंगच्या सहलीत मागण्यासारखे फारसे काही उरत नाही.